धर्मोपदेश नव्हे, धर्माभ्यास

ज्या विषयावर लोक सर्वांत अधिक बोलतात, त्याच विषयाचें ज्ञान त्यांस सर्वांत कमी असावें, ही स्थिति कोणत्याही समाजास भूषणावह नव्हे. २०२५ सालीं वक्फ कायद्यांत मोठे फेरफार झाले, तेव्हां पेढीवर, कचेरींत, आगगाडीच्या डब्यांत आणि हातांतल्या फोनवर जो गदारोळ उठला तो आमच्या वाचकांच्या स्मरणांत असेलच. ते फेरफार चांगले कीं वाईट हा आजच्या लेखाचा विषय नव्हे. आमचा प्रश्न इतकाच कीं, तावातावानें वाद घालणाऱ्या शंभर असामींपैकीं कितींना वक्फ म्हणजे काय, त्याचें उत्पन्न कोणाच्या कामीं लागावयाचें, आणि मुतवल्लीचा अधिकार मालकाचा कीं विश्वस्ताचा, हें नीट सांगतां आलें असतें? दोष सर्वस्वीं त्यांचा नाहीं. ज्या शाळेंत ते शिकले तेथें हें कोणीं सांगितलें नाहीं. ज्या कॉलेजांत ते गेले तेथें तें सांगणारें सुबोध मराठी पुस्तक अभ्यासक्रमांत नव्हतें. शाळेनें मोकळी ठेवलेली जागा अफवेनें भरून काढली, एवढाच याचा अर्थ.

यास्तव आमचें म्हणणें प्रथमच स्पष्ट करून टाकतों. इस्लाम हा धर्म, त्याचा इतिहास, त्याचें न्यायशास्त्र आणि त्यानें या देशाशीं केलेला हजार-बाराशें वर्षांचा व्यवहार यांचा पद्धतशीर अभ्यास आमच्या शाळांतून व विद्यापीठांतून झाला पाहिजे. आणि तो होण्यास मुख्य अडचण कायद्याची नाहीं, पैशाची तर त्याहून नाहीं. ती आहे साधनांची. मुलाच्या हातीं देतां येईल असें, मूळ आधारांवर रचलेलें, मराठी भाषेंतलें चोख पुस्तक नाहीं, आणि तें शिकविण्यास तयार झालेला शिक्षक नाहीं.

कायद्याची अडचण नाहीं असें आम्ही म्हटलें, त्याचा खुलासा करणें अवश्य आहे. कारण हा विषय काढतांच कोणीतरी राज्यघटनेचें २८ वें कलम पुढें करितो. त्या कलमाचा अर्थ असा कीं, जी शिक्षणसंस्था सर्वस्वीं सरकारी खर्चानें चालते तींत धार्मिक शिक्षण द्यावयाचें नाहीं. आणि जी सरकारमान्य आहे किंवा सरकारी मदत घेते तींत तें कोणावर त्याच्या, किंवा तो अज्ञान असल्यास त्याच्या पालकाच्या, संमतीवांचून लादावयाचें नाहीं. परंतु धर्माचा उपदेश करणें वेगळें आणि धर्माचा अभ्यास करणें वेगळें. नमाज कसा पढावा हें शिकविणें हा उपदेश. नमाज म्हणजे काय, तो केव्हां पढतात व त्यामागील कल्पना कोणती, हें सांगणें हा अभ्यास. हा भेद आमच्या पदरचा नव्हे. डी. ए. व्ही. कॉलेज विरुद्ध पंजाब सरकार या १९७१ च्या खटल्यांत, गुरु नानकांच्या चरित्राचा व शिकवणुकीचा विद्यापीठानें केलेला अभ्यास म्हणजे धार्मिक शिक्षण नव्हे, असें सर्वोच्च न्यायालयानें सांगितलें. पुढें अरुणा रॉय यांच्या २००२ च्या खटल्यांतही, सर्व धर्मांची ओळख करून देणें घटनेस बाधक नाहीं, असाच निवाडा झाला. त्यापूर्वींच कोठारी आयोगानें १९६६ च्या अहवालांत ‘धर्माचें शिक्षण’ आणि ‘धर्मांविषयींचें शिक्षण’ असा भेद करून दुसऱ्याची शिफारस केली होती. आणि आपल्या शंकरराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखालील संसदीय समितीनेंही १९९९ सालीं, विद्यार्थ्यांस सर्व धर्मांच्या मूलतत्त्वांची ओळख असावी, असें मत दिलें. दार उघडें आहे. आंत जावयाचें कोणीं, एवढाच प्रश्न आहे.

साधनें वाईट असलीं तर काय होतें, याचा एक दाखला आमच्याच धंद्यांतला देतों. बाराव्या शतकांत मध्य आशियांतील मर्गीनान येथील बुऱ्हानुद्दीन या पंडितानें ‘हिदाया’ नांवाचा अरबी ग्रंथ रचला. हनफी पंथाच्या न्यायशास्त्राचा तो मान्य ग्रंथ होय. ईस्ट इंडिया कंपनीच्या अंमलांत, न्यायाधीशांस हाताशीं पुस्तक असावें म्हणून, मौलवींकडून त्याचें फारसी करविण्यांत आलें. आणि त्या फारसीवरून चार्लस हॅमिल्टन यानें केलेलें इंग्रजी भाषांतर १७९१ सालीं छापलें गेलें. म्हणजे भाषांतराचें भाषांतर. त्यांतही मौलवींनीं मधून मधून घातलेलें स्पष्टीकरण मूळांत मिसळून गेलेलें. परंतु पुढें शंभर वर्षें अरबी न जाणणारे न्यायाधीश आणि वकील यांस तेंच प्रमाण झालें. जें शास्त्र शेंकडों वर्षें पंडितांच्या मतभेदांवर वाढलें होतें, तें एका पुस्तकाच्या पानांत गोठलें. प्रिव्ही कौन्सिलनें तर १८९७ सालीं असें सांगितलें कीं, हिदायासारख्या टीकाग्रंथांनीं जो अर्थ लावला त्याच्या विरुद्ध कोर्टांनीं कुराणाचा स्वतंत्र अर्थ करूं नये.

त्याचा परिणाम कोठपर्यंत गेला पाहा. १८९४ सालीं अबुल फता यांच्या खटल्यांत त्याच प्रिव्ही कौन्सिलनें असें ठरविलें कीं, मुख्यतः स्वतःच्या वंशजांच्या निर्वाहासाठीं केलेला आणि गोरगरिबांचा हक्क केवळ नांवापुरता ठेवणारा वक्फ बेकायदेशीर होय. मुसलमानी न्यायशास्त्रांत कुटुंबाचें पोषण हेंच पुण्यकर्म मानलें आहे, ही गोष्ट न्यायमूर्ति अमीर अली यांनीं कलकत्ता हायकोर्टांत सांगून पाहिली होती. ती मानली गेली नाहीं. इंग्रजी ट्रस्टची कल्पना अरबी वक्फावर बसविली गेली आणि अनेक घराण्यांच्या व्यवस्था ढांसळण्याची वेळ आली. शेवटीं १९१३ सालीं, बॅरिस्टर जीना यांनीं मांडलेल्या बिलाप्रमाणें, कायदा करून ही चूक सुधारावी लागली. अपुऱ्या पुस्तकावरून शिकलेला न्यायाधीश कितीही प्रामाणिक असला तरी न्याय कसा चुकतो, हें यावरून दिसेल. आणि जें न्यायासनावर घडलें तें मतदानाच्या पेटीपाशीं व शेजाऱ्याच्या दाराशीं घडणार नाहीं, असें कोणीं सांगावें?

याच मुंबईंत उलट दाखलाही घडला आहे. सर दिनशा मुल्ला या पारशी कायदेपंडिताचें महंमदी कायद्यावरील पुस्तक विसाव्या शतकाच्या आरंभापासून हिंदु, मुसलमान, पारशी, ख्रिस्ती अशा सर्व विद्यार्थ्यांनीं पाठ केलें. त्यायोगें कोणी बाटल्याचें आम्हीं ऐकलें नाहीं. माथेरानास जन्मलेले आसफ अली असगर फैजी यांनीं सरकारी लॉ कॉलेजचें प्राचार्यपद सांभाळून १९४९ सालीं त्याच विषयावर अधिक शास्त्रीय ग्रंथ लिहिला, कैरो येथें जुन्या अरबी ग्रंथाची संशोधित आवृत्ति छापविली आणि आपल्याजवळील इस्माइली हस्तलिखितें मुंबई विद्यापीठास देऊन टाकलीं. परधर्मीयाला हा अभ्यास करतां येतो आणि स्वधर्मीयाला तो चिकित्सक बुद्धीनें करतां येतो, या दोन्ही गोष्टींस याहून अधिक पुरावा नको.

आतां शाळेकडे वळूं. केंद्रीय शिक्षण संशोधन परिषदेच्या, म्हणजे एन. सी. ई. आर. टी. च्या, अकरावीच्या जागतिक इतिहासाच्या पुस्तकांत मध्यवर्ती इस्लामी प्रदेशांवर एक प्रकरण होतें, आणि बारावीच्या भारतीय इतिहासांत मोगल दरबार व तेथील इतिवृत्तकार यांवर दुसरें. कोरोनाच्या सांथीनंतर मुलांवरील ओझें कमी करावयाचें, असें कारण देऊन हीं दोन्ही प्रकरणें २०२३ पर्यंत गाळण्यांत आलीं. ओझें कमी व्हावें हें आम्हांसही मान्य आहे. परंतु ज्या प्रकरणांत मूळ कागद कसा वाचावा, दरबारी लेखक राजाची स्तुति करतांना कोणती गोष्ट झांकतो, हें मुलास शिकविलें जात होतें, तेंच गाळल्यानें ओझें कमी होत नसून विवेक कमी होतो. अकबरानें १५६४ सालीं जिझिया उठविला आणि औरंगजेबानें १६७९ सालीं तो पुन्हा बसविला, या दोन्ही गोष्टी मुलास कळल्या पाहिजेत. पहिली सांगून दुसरी लपविणें हा खोटेपणा. दुसरी सांगून पहिली लपविणें हाही खोटेपणाच. आणि दोन्ही न सांगणें हा तर शिक्षणाचा राजीनामा होय.

कोणी म्हणेल, असें शिकविण्यास साधनें कोठून आणावयाचीं? आमचें उत्तर असें कीं, दूर जाण्याचें कारण नाहीं. रायगड जिल्ह्यांतील चौल घ्या. अरब लेखक मसूदी हा इ. स. ९१६ च्या सुमारास तेथें आला होता. चौलास तो सैमूर म्हणतो. तेथें शिलाहार राजा झंझ राज्य करीत होता, आणि शहरांत सुमारें दहा हजार मुसलमान राहत होते, असें त्यानें लिहून ठेविलें आहे. त्यांत ओमान, बसरा, बगदाद येथून आलेले व्यापारी होते आणि येथेंच जन्मलेलेही होते. त्यांचा एक मुख्य राजानें नेमलेला असे आणि तो त्यांचे आपसांतील व्यवहार पाही. आतां पालघर जिल्ह्यांतील चिंचणी येथें सांपडलेला शके ८४८, म्हणजे इ. स. ९२६ चा ताम्रपट घ्या. राष्ट्रकूट राजाच्या वतीनें संजाणच्या मंडलावर मधुमति, म्हणजे महंमद, या नांवाचा ताजिक म्हणजे अरब अधिकारी होता, असें तो सांगतो. या अधिकाऱ्यानें नदी उतरण्यासाठीं फुकट नावा ठेविल्या, अन्नछत्र घातलें आणि एका ब्राह्मणानें बांधलेल्या देवीच्या मठिकेस दिलेल्या दानास पाठिंबा दिला. एक कागद अरबी, एक संस्कृत. दोन्ही एकाच किनाऱ्याचे आणि एकाच काळचे. हे दोन उतारे समोरासमोर छापून आठवीच्या मुलास दिले, तर इस्लाम या देशांत केवळ तलवारीनें आला कीं व्यापारानेंही आला, हा प्रश्न त्यास उपदेशावांचून विचारतां येईल. तलवारीचा भाग पुढच्या धड्यांत अवश्य यावा. परंतु पहिला धडा गाळून दुसरा शिकवूं नये.

दुसरें असें कीं, इस्लाम म्हणजे एकजिनसी वस्तु, ही समजूत आमच्या पुस्तकांतून काढून टाकिली पाहिजे. उत्तर हिंदुस्थानांतील बहुतेक सुन्नी हनफी पंथाचे, तर कोंकणांतले मुसलमान शाफई पंथाचे. कारण त्यांचा संबंध समुद्रावरून अरबांशीं आला. ज्यांच्या उरुसास सारी मुंबई लोटते ते माहीमचे मखदूम अली हे त्याच शाफई परंपरेंतले, कुराणावर अरबी भाष्य लिहिणारे थोर पंडित होते. १४३१ सालीं ते वारले. खोजांचें स्वरूप काय, हा वाद १८६६ सालीं मुंबई हायकोर्टापुढें आला, तेव्हां न्यायमूर्ति आर्नोल्ड यांस त्या जमातीचा शेंकडों वर्षांचा इतिहास तपासावा लागला. श्रीगोंद्याचे शेख महंमद यांनीं ‘योगसंग्राम’ मराठींत लिहिला आणि वारकऱ्यांनीं त्यांस संत मानलें. एवढी विविधता आपल्याच प्रांतांत असतां, पुस्तकांत मात्र ‘मुसलमान’ हा एकच शब्द येतो आणि तोही बहुधा लढाईच्या प्रकरणांत!

मराठींत या विषयाचा पाया अगदींच नाहीं, असें मात्र नव्हे. फर्ग्युसन कॉलेजांत फारसी शिकविणारे माधवराव पटवर्धन, म्हणजेच कवि माधव जूलियन, यांचा फारसी-मराठी कोश १९२५ सालीं निघाला. ग. ह. खरे यांनीं भारत इतिहास संशोधक मंडळाच्या द्वारें ऐतिहासिक फारसी कागद भाषांतरासह प्रसिद्ध केले. सेतुमाधवराव पगडी यांनीं मोगल दरबारचीं बातमीपत्रें व भीमसेन सक्सेनाची हकीकत मराठींत आणली. हा भीमसेन बऱ्हाणपूरचा कायस्थ हिंदु, मोगलांच्या नोकरींतला, आणि त्याचें लिखाण फारसी! धर्म व भाषा यांचा मेळ आपण समजतों तितका सरळ नव्हता, हें या एका माणसावरून कळावें. विनोबांनीं अरबी शिकून कुराणाचें सार काढलें. साने गुरुजींनीं इस्लामी संस्कृतीवर लिहिलें. वाईच्या मराठी विश्वकोशांत इस्लामवर नोंदी आहेत. परंतु हें सारें विटा, चुना आणि लाकूड झालें. घर अजून बांधावयाचें आहे. तुर्कांनीं आपल्या भाषेंत इस्लामचा ज्ञानकोश १९८८ सालीं छापण्यास आरंभ केला आणि २०१३ सालीं ४४ खंडांत पुरा केला. शिकागोच्या विद्यापीठांत मार्शल हॉजसन यांनीं इस्लामी संस्कृतीचा वर्ग चालविण्यासाठीं जें टिपण वाढवीत नेलें, त्याचाच त्यांच्या पश्चात् १९७४ सालीं तीन खंडांचा ग्रंथ झाला. चांगलें पाठ्यपुस्तक वर्गांतून जन्मतें, सरकारी कचेरींतून नव्हे, हा यांतला बोध आहे.

या सूचनेस दोन्हीकडून विरोध होईल हें आम्ही जाणतों. कांहीं हिंदु गृहस्थ म्हणतील, हें मुसलमानांचें लांगूलचालन होय. त्यांस आमचा सवाल असा कीं, शिवछत्रपतींनीं राजव्यवहारकोश करवून फारसी शब्दांस संस्कृत प्रतिशब्द दिले, ते फारसी जाणून दिले कीं न जाणतां? ज्यास दुसऱ्याचें शास्त्र ठाऊक असतें तोच त्याशीं बरोबरीच्या नात्यानें बोलूं शकतो. शिवाय फारसी आणि मोडी वाचणारे संपले, म्हणजे दप्तरखान्यांतला खुद्द मराठ्यांचा इतिहासच मुका होईल. हें नुकसान कोणाचें? उलट कांहीं मुसलमान गृहस्थ म्हणतील, आमचा धर्म परक्यानें शिकवूं नये आणि चिकित्सा तर करूंच नये. त्यांस आम्ही नम्रपणें सांगतों कीं, जें सार्वजनिक शाळेंत शिकवावयाचें तें सर्वांच्या तपासणीस खुलेंच राहणार. शरीयत आणि फिक्ह, म्हणजे ईश्वरी मार्ग आणि त्याचा पंडितांनीं लावलेला अर्थ, हा भेद खुद्द मुसलमान शास्त्रकारांनींच केला आहे. तीन तलाकाच्या प्रश्नावर २०१७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला, तेव्हां हा भेद ज्यांस ठाऊक होता त्यांनीं त्या वादांत अधिक प्रकाश पाडला; ज्यांस नव्हता त्यांनीं केवळ आवाज वाढविला. मदरशांच्या बाबतींतही २०२४ च्या नोव्हेंबरांत त्याच न्यायालयानें उत्तर प्रदेशचा २००४ चा मदरसा कायदा मुख्यतः कायम ठेविला. पण पदव्यांसंबंधींचा भाग रद्द केला, आणि शिक्षणाची प्रत राखण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला. अल्पसंख्यांचा हक्क आणि विद्येची कसोटी हीं परस्परविरोधी नाहींत, हेंच त्याचें तात्पर्य.

मग करावें काय? पहिलें, मूळ उताऱ्यांचें दोन भागांचें मराठी वाचनपुस्तक तयार करावें, एक माध्यमिक शाळेसाठीं व एक कॉलेजसाठीं. प्रत्येक उताऱ्याखालीं लेखक कोण, काळ कोणता, तो कोणासाठीं लिहीत होता, हें असावें. दुसरें, शिक्षकांसाठीं एक लहानसा कोश व्हावा. वक्फ, शरीयत, जिहाद, काफर, फतवा हे जे शब्द रोज कानांवर आदळतात त्यांचा अर्थ काळाप्रमाणें कसा बदलत गेला, हें त्यांत द्यावें. तिसरें, पुस्तक रचणाऱ्या मंडळांत इतिहासकार, अरबी-फारसी जाणणारा पंडित आणि रोज वर्ग घेणारा शाळामास्तर हे असावेत, आणि हिंदु व मुसलमान दोघेही असावेत. कसोटी ही कीं, मुसलमान वाचकास त्यांत आपला चेहरा ओळखूं यावा आणि कोणाही वाचकास त्यांतील विधान तपासतां यावें. चौथें, फारसी, अरबी व मोडी शिकणाऱ्या होतकरू विद्यार्थ्यांस, मग ते कोणत्याही धर्माचे असोत, शिष्यवृत्त्या मिळाव्यात.

येथें आम्ही व्यापारी वाचकांकडे वळतों. आपण हिशेब, जमा, वसूल, बाकी, रक्कम, नफा, कर्ज, दलाल, दुकान, बाजार हे शब्द रोज बोलतां. ते सारे अरबी-फारसीकडून आपल्या वहींत आले आहेत. ज्या विद्येचे शब्द आपला धंदा चालवितात त्या विद्येस आपण कांहीं देणें लागतों. सर महंमद युसुफ यांनीं १९१४ सालीं आठ लाख रुपये दिले आणि त्यांतून १९३० सालीं जोगेश्वरीस इस्माइल युसुफ कॉलेज उघडलें. निजामानें १९२७ सालीं एक लाख रुपये दिले आणि रवींद्रनाथांच्या विश्वभारतींत इस्लामी विद्येचें अध्यासन निघालें. हिंदु कवीच्या आश्रमांत मुसलमान संस्थानिकाच्या पैशानें हंगेरींतील पंडित शिकविण्यास आला! आज एखाद्या शहरांतील दहा पेढ्यांनीं मनांत आणलें, तर एका वाचनपुस्तकाचा आणि दोन शिष्यवृत्त्यांचा खर्च त्यांस जड नाहीं. सरकारची वाट पाहण्याचें कारण नाहीं. पुस्तक चांगलें निघालें तर सरकार त्याच्या मागें येईल.

राष्ट्र एक व्हावें असें आपण सर्वच म्हणतों. परंतु ज्याच्याबरोबर एक व्हावयाचें त्याची ओळख करून घेण्यास आपण तयार नसलों, तर ती एकी केवळ व्यासपीठावरची. ओळखीनें सर्व मतभेद मिटतील असें आम्ही म्हणत नाहीं. कांहीं मतभेद खरे आहेत आणि ते राहतील. पण जाणत्या माणसांचा मतभेद सभेंत सुटतो, अजाणांचा रस्त्यावर येतो. पुढच्या पिढीनें यांपैकीं कोणता मार्ग धरावा, हें आज तिच्या दप्तरांत आपण कोणतें पुस्तक ठेवतों यावर अवलंबून आहे.